गुरुवारी गिरणी बंद

ती गिरणीच्या दारात उभी राहायची आणि उजव्या हाताचा पंजा वर करायची. तोंडानं काही बोलायची नाही. बोलून उपयोगही नव्हता. चालू गिरणीत ज्यांनी कधी पाय ठेवलाय त्यांना ठाऊक असेल, तिथं कानाशी तोंड लावून ओरडलं तरी अर्धंच कळतं. बाकीची गिऱ्हाइकं तरीही ओरडायची. ही नुसता पंजा दाखवायची. एस.टी.ला हात करावा तसा नव्हे. पोराला रस्ता ओलांडून नेणारी आई गाडीवाल्याला दाखवते तसा.

मी तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचो. आणखी थोडे दाणे खाली जाऊ द्यायचो. मग सावकाश खटका ओढायचो. जातं घरघरत थांबायचं, हवेतलं पीठ खाली बसायचं आणि तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू यायचा.

"झालं का, मामा?"

"झालं. पट्टा तापलाय. तसं बी थांबवायचीच हुती."

"गुरुवारीच कसा वो तापतोय तुमचा पट्टा?"

एवढं बोलून ती निघून जायची. हसायची नाही. पण मागं वळताना तिच्या पाठीला हसू आलेलं असायचं. माणसाची पाठ हसते हे तुम्ही पाहिलं नसेल, तर तुम्ही माणसं नीट बघितलीच नाहीत.

आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं. माझी शाळा तिसरीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, मास्तरनं एकदा विनाकारण मारलं म्हणून. पुन्हा गेलो नाही. पण मोटर उघडून, तिची तार बांधून, परत फिरवून देतो. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी मी लावतो. गावात दुसरी गिरणी आली आणि गेली, माझी आहे. हे सांगतो ते बढाई म्हणून नव्हे. तेव्हा माझ्या डोक्यात किती वारं होतं ते तुम्हाला कळावं म्हणून.

ती आमच्या उपकेंद्राची नर्स. माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लजजवळच्या नेसरीकडचं. त्यामुळं तिच्या बोलण्यात तिकडचं कानडी पाणी मिसळलेलं. बाईमाणूस असून स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायची, आणि म्हाताऱ्यांना 'अव्वा'. आमच्या म्हाताऱ्या पहिल्यांदा दचकल्या, मग त्यांना ते आवडायला लागलं. घरची माणसं बौद्ध. तिच्या खोलीत एक बुद्धाचा फोटो आणि त्याच्या शेजारी औषधांचा डबा. गावात एकदोन घरं अशी होती की तिथं तिला सुई टोचायला बोलवायची, पण चहा बाहेर द्यायची. ती चहा घ्यायची नाही, सुई मात्र टोचायची. मला ते कळल्यावर मी मुद्दाम तिला भर चौकातून हाक मारून घरात नेली आणि चुलीपुढं बसवून चहा दिला. कुणी काही म्हणालं नाही. माझ्या तोंडाला लागायची गावात पद्धत नव्हती.

तिचं एक वाक्य होतं. "माझं मन खातंय." वाडीवरचं पोर दोनदा खोकलं, हिचं मन खायचं. एखादी बाई तपासणीला आली नाही, हिचं मन खायचं. मग ती भर पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धनगरवाड्यापर्यंत चढायची, पोरगं हसतखेळत असलेलं बघायची आणि उतरायची. गाव हसायचं. "सिस्टर, काय म्हणतंय मन? जेवलं का न्हाय आज?" ती म्हणायची, "खाऊ दे की. मन खाल्ल्यालं परवडलं, मानूस गेल्यालं परवडत न्हाय."

पुढं एका संस्थेनं गिरणीला लागून असलेल्या पंचायतीच्या खोलीत एक कॉम्प्युटर बसवला. त्याच्यावर कॅमेरा, छपरावर टी.व्ही.च्या डिशसारखी पांढरी छत्री. गुरुवारी सकाळी कोल्हापूरला शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात बाई-डॉक्टर तिकडच्या कॉम्प्युटरपुढं बसायच्या, इकडं ही. पोटुशी बाया आणि लहान पोरं रांगेनं आत जायची. आमच्या भागातली बाई डॉक्टरला दाखवायला कोल्हापूरला जायची म्हणजे दिवस मोडायचा, कुणीतरी पुरुषमाणूस बरोबर लागायचा, आणि पावसाळ्यात वाटेत पाणी आलं की गाडीच बंद. म्हणून डॉक्टरच पडद्यावर यायला लागली. छत्रीची वेळ ठरलेली असायची. ती संपली की पडदा काळा.

त्या पडद्याला वैरी दोन. एक ढग आणि दुसरा मी. ढग दाटून आले की चित्र तुटायचं. आणि माझी गिरणी चालू झाली की खोलीतली लाईट मान टाकायची. कॉम्प्युटरला बॅटरी दिली होती, पण तीही लवकरच म्हातारी झाली.

ती मला पहिल्यांदा सांगायला आली तेव्हा मी साफ नाही म्हणालो. "गिरनी आदी आली, तुमची छत्री मागनं आली. छत्री हलवा." तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "एकदा येऊन बगा. मग तुमी म्हनशीला तसं."

गिरणी चालू ठेवूनच गेलो. वाडीवरची एक बाई तान्हं पोर घेऊन बसली होती. नर्सनं पोराचं अंगडं वर केलं आणि त्याला कॅमेऱ्यासमोर दोन हातांवर धरलं. पोर श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग खळगा पडून आत जात होता. पडद्यावरच्या बाई पुढं वाकून तोच खळगा बघत होत्या. म्हणजे बघायचा प्रयत्न करत होत्या. त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले होते, तोंड उघडं राहिलं होतं, आवाज तुकड्यातुकड्यानं येत होता. "सिस्टर... पुन्हा... दिसत नाही... पुन्हा धरा..." आणि भिंतीपलीकडून माझ्या गिरणीचा आवाज.

पोराची आई माझ्याकडं बघत नव्हती. नर्सही नाही. दोघी पडद्याकडं बघत होत्या. मी गिरणीत गेलो आणि खटका ओढला. गिऱ्हाइकं म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, "पट्टा तापलाय." एका बाईच्या सांगण्यावरून गिरणी थांबते असं गावात झालं असतं तर मला मिशी ठेवायची पंचाईत होती. ते पोर वाचलं. पट्टा मात्र तेव्हापासून दर गुरुवारी तापायला लागला.

मग मी त्या खोलीच्या दारात उभा राहायला लागलो, राखण म्हणून. बायांच्या तपासणीला बाहेर जायचो, पण आतलं बोलणं कानावर यायचं. डॉक्टर सुनेला विचारायच्या आणि उत्तर सासू द्यायची.

"डोकं दुखतं का गं?"

"न्हाय वो, तिचं कशाला दुखतंय! कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

"अव्वा," नर्स मध्येच म्हणायची, "पोटात पोर हाय ते तुमच्या का तिच्या?"

रांगेतल्या बाया पदर तोंडात धरून हसायच्या.

आता तिची ती बांगडीची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पोटुशी बाईचं अंग सुजायला लागलं, रक्ताचा दाब चढला, तर ती बाईच्या आणि पोराच्या दोघांच्या जीवावरची गोष्ट. हे मला तिनंच सांगितलेलं. दाब मोजायला पाऱ्याची पेटी होती, पण एकच, आणि ती त्या खोलीतच असायची. सूज बघावी, तर पडद्यावर चित्र असं धुरकट की सुजलेला हात आणि बरा हात डॉक्टरला सारखाच दिसायचा. पण हिरवी बांगडी दिसायची. म्हणून ही काय करायची, बाईचा हात कॅमेऱ्यापुढं धरायची आणि बांगड्या मनगटावरून कोपराकडं ढकलायची. बांगड्या सरसर वर गेल्या, हात बरा. अडकल्या, तर आधी पेटी काढ. डॉक्टरांनाही ती खूण पटली होती. त्या म्हणायच्या, "सिस्टर, बांगडी दाखवा."

नंतर तिला ती सवयच लागली. बाजारात, नळावर, एस.टी.च्या थांब्यावर, पोटुशी बाई दिसली की ही तिचा हात धरणार. "वर सरकव बाय बांगड्या." लोक म्हणायचे, हिला कासारीण व्हायचं होतं, चुकून नर्स झाली.

त्या साली माझी लेक रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कागलकडं दिली होती. सातव्या महिन्याचं डोहाळेजेवण आम्ही धरलं. मी जरा जोरातच धरलं. व्याही येणार, त्यांच्यापुढं आपलं घर दिसायला पाहिजे. अंगणात मांडव, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या. नेमका गुरुवार होता. नर्स त्या दिवशी लांबच्या वाड्यांवर लसीकरणाला गेलेली, त्यामुळं खोली बंदच होती. पुढच्या गुरुवारी ढग असे उतरले की छत्रीला काही दिसेना. तोही गुरुवार गेला.

तिसऱ्या गुरुवारी उघडीप मिळाली. दोन वारांच्या बाया एकदम आल्या. वाड्यांवरून चालत आलेल्या, चिखलानं भरलेल्या, पोरं काखेत. नर्स सकाळीच आमच्या घरी येऊन गेली. घर म्हणजे गिरणीच्या मागंच. तिनं रंजीचा हात धरला, बांगड्या ढकलल्या. सरसर कोपरापर्यंत.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "आज रंजीला नको बसवायला. लांबनं आल्यात बिचाऱ्या, त्यांना होऊ दे. ही घरचीच हाय, फुडच्या गुरवारी बगू." आणि माझ्या मंडळींना म्हणाली, "आज माझं मन खात न्हाय बगा. लई दिवसांनी."

मग ती गिरणीच्या दारात आली. पंजा वर केला. मी नेहमीप्रमाणं जरा वेळ लावला आणि खटका ओढला. सणाच्या आधीचे दिवस, दळणाची पोती भिंतीपर्यंत लागलेली. लोक कुरकुरले. मी म्हणालो, "पट्टा तापलाय."

गिरणी थांबली की माणसाला उगाच बोलावंसं वाटतं. इतका वेळ तोंड बंद असतं ना. आणि लेकीचं डोहाळेजेवण गावानं नावाजलं होतं. मी म्हणालो, "सिस्टर, तुमी जेवायला न्हवता बगा. काय थाट हुता! आन लेक कशी भरलीया माझी! मनेर चाचा बांगड्या भराय आलते, तर जुन्या निघंनात. पकडीनं एकेक वाढवाय लागल्या. चाचा म्हनले, ह्या पोरीचं माप आता ऱ्हायलं न्हाय, दोन मापं मोठ्या घालाय लागत्यात. माहेरचं खानं अंगाला लागलं म्हनायचं!"

मागच्या दारातून माझी मंडळी म्हणाली, "आवो, गप बसा की." बांगडी फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि पोटुशी बाईच्या बाबतीत तीही गोष्ट तोंडानं काढायची नसते. म्हणून तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती.

नर्स माझ्याकडं बघत राहिली. तिचा पंजा अजून अर्धा वरच होता.

"बांगड्या बदलल्या?" ती म्हणाली.

"नव्या भरल्या. रीतच हाय की."

तिनं मला बाजूला ढकललं. मला, माझ्या गिरणीत. आणि मागच्या दारानं घरात पळाली. मी तिला याआधी पळताना कधी बघितलं नव्हतं. झपझप चालायची, पण पळायची नाही. पळालं की लोक भितात, म्हणायची.

रंजी चुलीपुढं बसली होती. हिनं तिच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबला. काढला तर तिथं खड्डा. चिखलात बोट रुतवावं तसा. तो भरून येईना.

"डोकं दुखतंय का गं?"

रंजी आईकडं बघायला लागली.

"तिच्याकडं नगं बगू. मी इचारायलोय."

"दोन दिस झालं," रंजी म्हणाली. "आन मधीच डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. आई म्हनली, ऊन लागलं असंल."

आमच्याकडं त्या महिन्यात ऊन दिसलं नव्हतं.

तिला दोघींनी धरून खोलीत आणली. रांगेतल्या बाया न सांगता उठल्या आणि त्यांनी वाट दिली. वाडीवरनं चालत आलेली बाई, जिचा नंबर होता, ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. तिला घ्या." पाऱ्याची पेटी उघडली. मी दारात. पारा वर गेला आणि हळूहळू खाली यायला लागला. नर्सनं आकडा सांगितला. तो मला कळला नाही. पण पडद्यावरच्या बाई, ज्या एरवी एकसारखं बोलायच्या, त्या गप्प झाल्या. ते मला कळलं.

मग म्हणाल्या, "सिस्टर, हिला झटके येऊ शकतात. केव्हाही. वाटेत आले तर काही करता येणार नाही. आधी इंजेक्शन, मग गाडी. तुमच्याकडं आहे?"

"हाय मॅडम. पर मी कदी दिलं न्हाय."

"मी आहे. मला दाखवत करा. औषधाची बाटली कॅमेऱ्यापुढं धरा. घाई नको."

मला बाहेर काढलं. एका बाईनं आपला पदर आडवा धरला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आतून बाईंचा आवाज येत होता, स्पष्ट, शांत. "इतकंच... हं... सुई बदला... आता दुसऱ्या बाजूला..." आणि नर्सचा: "व्हय मॅडम. बगा मॅडम. दिसतंय न्हवं?"

तेवढ्यात भिंतीपलीकडं घरघर सुरू झाली.

माझी गिरणी. चालू.

आत लाईट पिवळी पडली. बाईंचा आवाज फाटला. "सिस्टर... थांबा... किती..." आणि पुढं नुसती खरखर.

"मॅडम! मॅडम, ऐकू यायलंय न्हवं?" नर्सचा आवाज चढला. "मामा! गिरनी!"

मी धावलो. आमच्या आळीतला एक दांडगा गडी, स्वतःचं पोतं वर ओतून, खटक्यापाशी उभा. मला बघून म्हणाला, "पट्टा निवला असंल की आता. किती वेळ थांबायचं?"

चूक त्याचीच. दुसऱ्याच्या गिरणीच्या खटक्याला हात लावायचा नसतो. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. मी खटका ओढला. पण माझा खटक्यावरचाच विश्वास उडाला होता. वरच्या पेटीतला चिनीमातीचा फ्यूजच उपसून मुठीत घेतला.

"आरं पट्टा न्हाय तापल्याला!" मी ओरडलो. गिरणी बंद होती, तरी चालू असल्यासारखा ओरडलो. "कदीच तापला न्हवता! लेक हाय माझी आत!"

त्या गड्यानं आपली टोपी काढून हातात घेतली.

परत आलो तो खोलीतून नुसती खरखर. कॉम्प्युटर पुन्हा जागा व्हायला वेळ घेतो. कोंबडी अंडं देताना बसते तसा बसून राहतो. आत नर्स रंजीशी बोलत होती. "हात दे माझ्या हातात. माझ्याकडं बग. काजवं दिसत्यात का अजून? सांग मला, आईला नगं सांगू." एक सुई झाली होती, दुसरी राहिली होती. औषध भरून तिच्या हातात तयार होतं, आणि ती थांबली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या मुठीत फ्यूज. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण आठवेना. आठवलं ते इतकंच, की रंजी लहानपणी गिरणीत यायची आणि पिठात बोटानं चिमणी काढायची.

मग आतून आवाज आला. "सिस्टर, दिसतंय मला. गिरणी बंद आहे ना? हं. आता दुसरी बाजू."

दुसरी सुई झाली.

गावातली जीप आणली. रंजीला मागं आडवी घातली, डोकं माझ्या मंडळींच्या मांडीवर. नर्स पायाशी बसली. मी पुढं. फ्यूज खिशात. त्यामुळं पुढचे काही दिवस गावाला दळण मिळालं नाही, सगळ्यांनी भात खाल्ला. वाटेत एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. ड्रायव्हर थांबला. नर्सनं मागून हात पुढं काढला आणि काचेतून पुढच्या पाण्याला पंजा दाखवला. कशासाठी, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसावं. ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, पाण्याला कळतंय व्हय?" आणि त्यानं गाडी घातली. कोल्हापूर येईस्तोवर तिनं रंजीची नाडी सोडली नाही.

दवाखान्याच्या दारात एक बाई उभ्या होत्या. इतक्या बुटक्या की मी ओळखलंच नाही. पडद्यावर त्या छातीपर्यंतच दिसायच्या, मला वाटायचं चांगल्या धिप्पाड असतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच का ते गिरणीवाले?" मी हो म्हणालो. "थांबा इथंच," म्हणाल्या, आणि रंजीला आत नेलं.

दोन्ही जीव वाचले. नात झाली, ओंजळीत मावेल एवढी. पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होती. त्या पेटीपुढंही नर्स उभी राहून बघायची, बरगड्यांखाली खळगा पडतो का ते.

पण मला सांगायचंय ते वऱ्हांड्यातलं. पोर झाल्याचं कळलं, तेव्हा माझी मंडळी रडली, मी जाऊन चहा घेऊन आलो. नर्स बाकावर बसली होती. चहाची बशी तिनं तशीच बाकावर ठेवली.

"मामा, मी तिला घरला सोडून आलतो," ती म्हणाली. "सकाळी. बांगडी सरकली, आन मी म्हनलं झ्याक हाय."

"तुमाला काय ठावं? बांगड्या आमी बदलल्या. ती आमची रीत."

"रीत मला ठावं नव्हती व्हय? मी काय परदेशातनं आलोय? माझ्याच डोहाळेजेवनाला नव्या बांगड्या भरल्यात्या की." मग म्हणाली, "माझं मन खात न्हवतं, मामा. त्या दिवशी खायाला पायजे हुतं, तर खाल्लं न्हाय."

मी म्हणालो, झालं गेलं, आता कुणाला सांगू नका. आमच्या घराण्यात चूक झाली तर ती भिंतीत गाडायची पद्धत आहे. ती हो म्हणाली नाही.

गावात परतल्यावर पहिल्याच गुरुवारी तिनं बायांना गोळा केलं आणि सगळ्यांपुढं सांगितलं. "रंजीचं मी चुकलो. बांगडी बगितली, दाब बगितला न्हाय. नव्या बांगड्या हायत का तेबी इचारलं न्हाय. ती मरली असती." पडद्यावर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्यापुढंच. नंतर तालुक्याच्या बैठकीत बाकीच्या नर्सांनाही तिनं हेच सांगितल्याचं कानावर आलं. मी चिडलो. गिरणीत येऊ दिली आणि विचारलं, "काय गरज हुती? वाचली न्हवं पोरगी? सगळं गाव तुमाला द्याव मानाय लागलंतं!"

"म्हनूनच सांगिटलं," ती म्हणाली. "द्याव मानलं की कुनी सवाल इचारत न्हाय मग."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. पण त्या दिवसापासून कुणाच्या घरी डोहाळेजेवण असलं की पहिलं आमंत्रण मणेर चाचांच्या आधी तिला जायला लागलं. जुनी बांगडी काढायच्या आत ती हजर. आणि पाऱ्याची पेटी आता खोलीत राहायची नाही. ती काखेत घेऊन हिंडायची, कडेवरच्या पोरासारखी. जड पेटी. चढावर मध्येच टेकायची. म्हणायची, "हिला खाली ठिवली की मन खातंय."

दिवस बरेच गेले. संस्थेचं काम संपलं. पडद्यावरच्या बाई एका गुरुवारी म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून मी नसेन. कॉम्प्युटरवर हिनं आपल्या जुन्या साडीचा तुकडा घातला. छत्री एका वाऱ्यानं वाकडी झाली ती कुणी सरळ केली नाही. नंतर तिथं खताची पोती ठेवायला लागले. तरी ती पेटी घेऊन फिरत होती. फोनवरून कुठल्या ना कुठल्या डॉक्टरला विचारत होती.

मग ती रिटायर झाली. जायच्या आधी एकदा दारात आली. पंजा वर केला. मी गिरणी थांबवली.

"काय?"

"काय न्हाय, मामा. हाताला सवय लागलीया." मग माझ्याकडं बघून, "पट्टा?"

"तापलाय," मी म्हणालो.

नेसरीला या म्हणाली, ज्वारीची भाकरी खायला. जाईन म्हणालो. गेलो नाही. रंजी जाऊन आली, नातीला घेऊन. सिस्टरनं नातीला जवळ घेतलं आणि आधी तिच्या मनगटातल्या बांगड्या वर सरकवल्या म्हणे. नात आठ वर्षांची. रंजी म्हणाली, "सिस्टर, ही काय पोटुशी हाय व्हय?" तर म्हणाली, "असू दे की. बगितलं म्हंजे बरं असतंय."

परवा गडहिंग्लजकडचा एक व्यापारी आला होता. दळण टाकून बसला. त्याला तिची ओळख होती, हे मला ठाऊक नव्हतं. गिरणीच्या आवाजात तो माझ्या कानाशी तोंड लावून काहीतरी ओरडला. मला अर्धंच कळलं. नेसरी कळलं. सिस्टर कळलं. पुढचं त्यानं हातानं दाखवलं, वर, छपराच्या पलीकडं.

मी दाराकडं बघितलं. तिथं उजेड होता आणि उजेडात पीठ उडत होतं.

मी खटका ओढला. जातं घरघरत थांबलं. पीठ खाली बसायला लागलं. त्याचं दळण अजून अर्धंही झालं नव्हतं.

"का वो पावनं, का थांबवली?" तो म्हणाला.

"पट्टा तापलाय," मी म्हणालो.

त्या दिवशी गुरुवार नव्हता.